उचल फेडायची की नाकारायची?

(जिते, ता. पेण इथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

सकाळपासून आपला एकच वाद चालू आहे. वीटभट्टीवर अडकलेल्या कातकरी बाईची उचल वर्गणी काढून फेडावी का? काहीजणी म्हणतात, फेडा, आधी तिला घरी आणा. काहीजणी म्हणतात, मालकाला एक पैसाही द्यायचा नाही. कळकळ दोघींचीही खरी आहे.

हा वाद जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केलं. त्या लोकांतही एकमत नव्हतं. कुणाला गुलामी हळूहळू संपवायची होती, कुणाला मालकांना भरपाई देऊन. विल्यम लॉइड गॅरिसन म्हणत, आजच्या आज आणि भरपाईशिवाय. अॅबी केली या कार्यकर्तीला समितीवर घेण्यावरून १८४० साली त्यांची संघटनाच फुटली. पुढे १८४६ साली फ्रेडरिक डग्लस या पळून आलेल्या गुलामाला इंग्लंडमधल्या मित्रमंडळींनी मालकाला १५० पौंड मोजून सोडवलं. काही सहकारी चिडले. पैसे दिले म्हणजे माणूस विकता येतो हे मान्य केलंत, असं त्यांचं म्हणणं. भरपाईला विरोध करणाऱ्या गॅरिसननी मात्र या सुटकेचं समर्थन केलं.

आपल्याजवळचं उदाहरण डहाणू-तलासरीचं, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली ‘लग्नगडी’ होई आणि बायकोसकट सावकाराकडे राबे. कर्ज त्याच्या नावावर, पण राबणं दोघांचं. बाळासाहेब खेरांच्या आदिवासी सेवा मंडळानं शिक्षणाचा, सेवेचा मार्ग धरला. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेनं १९४५ साली वेठीला सरळ नकार द्यायला शिकवलं. लग्नगडी सुटले ते या नकारामुळे.

आता आपलं बघू. डग्लसच्या वेळी कायदा मालकाच्या बाजूनं होता. आपल्याकडे १९७६चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. नुसती उचल घेतली म्हणजे वेठबिगारी होत नाही. पण उचलीपायी दुसरीकडे जाता येत नसेल, किमान मजुरी मिळत नसेल, तर ती वेठबिगारीच. कलम ६ प्रमाणे असं कर्ज रद्द होतं. मालकानं ते वसूल केलं तर कलम ९ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे आपण पैसे मोजले तर घेणारा गुन्हा करतो आणि आपण त्याला हात लावतो. कागद नाही म्हणून घाबरू नका. सक्तीनं राबवून घेतलं जात असेल तर उचल दिलेली आहे असंच धरावं, तसं नाही हे मालकानं सिद्ध करावं, असं सुप्रीम कोर्टानं १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सांगितलं आहे.

म्हणून माझं मत असं. वर्गणी जरूर काढा, पण ती मालकाला देऊ नका. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा, प्रत प्रांतांना द्या आणि दक्षता समितीची बैठक मागा. सुटका झाली की पैसे त्या बाईच्या हातात ठेवा. कारण पावसाळ्यात हाताला काम नसतं, चूल थंड असते, नेमका तेव्हाच मुकादम नवी उचल घेऊन वाडीवर येतो. अमेरिकेत १८६५ साली गुलामी कायद्यानं संपली. पण मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही आणि त्यातले कितीतरी वाट्याच्या शेतीत कर्जानं पुन्हा बांधले गेले. चार महिन्यांच्या तांदळाची सोय न करता आपण तिला सोडवलं, तर दिवाळीनंतर ती पुन्हा भट्टीवरच दिसेल.

आणखी एक. भट्टीवर हिशेब जोडीचा आणि नाव नवऱ्याचं असतं. हजार विटांमागच्या मजुरीत तिची मजुरी वेगळी दिसतच नाही. अर्जातही तिला ‘अमक्याची बायको’ म्हणून लिहिलं, तर मुक्तीचा दाखलाही त्याच्याच नावानं येईल. तिचा अर्ज वेगळा, दाखला वेगळा, बँकेचं खातंही वेगळं हवं.

चहा झाला की अर्ज लिहायला बसू. तोवर तांदळाची वर्गणी कोण जमवणार, तेवढं ठरवून ठेवा.