'चप्पल घालून हात लाव'

(जुन्या चाळींतील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पोटगी, मारहाण, रेशन यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचे आहे ते तुमच्या दारामागच्या लाकडी बोर्डाबद्दल. काहींना वाटेल, हा वायरमनचा विषय. त्याचा आपल्या चळवळीशी काय संबंध?

लालबाग-परळच्या चाळी घ्या, नाहीतर पुण्याच्या पेठांतले वाडे. तिथे वीज आली तेव्हा दोन दिवे, एखादा पंखा, फार तर रेडिओ चालायचा. लाकडी पट्टीतून नेलेल्या रबरी वेष्टणाच्या तारा, पितळी टोपीची काळी बटणे, चिनी मातीचा फ्यूज. कित्येक खोल्यांत हे सारे अजून तसेच आहे, आणि त्यावर आज फ्रिज, मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड चालतो. जुने रबर वाळते, तडकते, गळून पडते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की बोर्डालाही हात लावायची भीती.

घरोघरी विचारले की बायका सहज सांगतात, "फ्रिज करंट मारतो, म्हणून चप्पल घालून हात लावते." फ्रिजपुढे रबरी पायपुसणे टाकलेले असते. मुलांना दटावलेले असते. नवरा म्हणतो, "जराशा झिणझिण्या येतात, एवढं काय त्यात?" ही झिणझिणी म्हणजे सूचना आहे. वीज वायरीतून सुटून फ्रिजच्या पत्र्यावर आली आहे. थ्री पिनमधली मोठी पिन अर्थिंगची असते. जुन्या बोर्डात तिला जागाच नसते, किंवा असली तरी मागे अर्थिंगची तार नसते. मग त्या विजेला जमिनीकडे जायला बाईचे शरीर हीच वाट उरते. पहाटे रॉड लावणारी, ओल्या हाताने मिक्सर सुरू करणारी, मोरीतल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहणारी बहुतेक घरांत तीच असते.

"फ्यूज आहे की," असे सांगतात. फ्यूज तारांना जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. 5 अँपिअरचा फ्यूज म्हणजे 5,000 मिलिअँपिअर. छातीतून 100 मिलिअँपिअर गेले तरी हृदय बंद पडू शकते. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यात तो सारखा उडतो म्हणून जाड तार बांधलेली असेल, तर आगीपासूनचेही संरक्षण गेले. माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे. त्याला आरसीसीबी म्हणतात. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढीशी वीज बाहेर गळली तरी क्षणात पुरवठा तोडतो.

मग हे बदलत का नाही? मीटर सासऱ्यांच्या नावावर, खोली मालकाची, पैसा नवऱ्याच्या हातात. बोर्डाशी दिवसभर गाठ तिची, पण वायरमनला बोलावण्याचा अधिकार तिचा नाही. टीव्ही येतो, बोर्ड तसाच राहतो. सोसणे अंगवळणी पडते. हाच तो संबंध.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे 2021 साली देशात शॉक लागून बारा हजारांहून अधिक माणसे गेली. 'स्टोव्हचा भडका' असे लिहून बंद होणाऱ्या प्रकरणांना स्त्री चळवळीने 1980च्या दशकात प्रश्न विचारले. 'शॉक लागून अपघाती मृत्यू' यालाही विचारू या. असा प्रत्येक मृत्यू खून नसतो. पण धोका कुणाला माहीत होता, दुरुस्ती कुणी टाळली, हे विचारलेच पाहिजे. 2003च्या वीज कायद्यात अशा अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला देण्याची आणि चौकशीची तरतूद आहे. नुसत्या पंचनाम्यावर थांबू नका, निरीक्षकाच्या अहवालाची मागणी करा.

मालकाबद्दलही बोलू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. चाळीचे भाडे पाहता त्यात चार बटणेही येणार नाहीत. म्हणून एकटीने नव्हे, सगळ्या मजल्यांनी मिळून नोटीस द्यावी. तक्रार केली म्हणून मालकाला वीज तोडता येत नाही. जिन्यातला दिवासुद्धा कायद्याने अत्यावश्यक सेवेत मोडतो.

गटांनी महिनाभरात एवढे करावे. प्रत्येक खोलीची यादी करा : अर्थिंग आहे का, फ्यूजमध्ये कोणती तार आहे, कुठे करंट लागतो. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्या. अर्थिंग नळाच्या पाइपाला जोडू देऊ नका, एका घरातला करंट सगळ्या नळांना येईल. बचत गटातून पहिले कर्ज आरसीसीबीसाठी द्या, आणि त्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. बादलीत रॉड असताना पाण्यात हात घालू नका. कपड्यांची लोखंडी तार विजेच्या वायरीपासून दूर बांधा. कुणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद, मग माणसाला हात.

आणि पुढच्या वेळी कुणी "चप्पल घालून हात लाव" म्हणाले, तर त्यालाच विचारा, "बोर्ड कधी बदलणार?"