अपूर्णांकांचा भागाकार आणि व्यस्त संख्या
(शिक्षक संमेलनातील भाषण)



अपूर्णांकांच्या भागाकाराचा नियम एका वाक्यात सांगता येतो : भाजकाचे अंश व छेद यांची अदलाबदल करावी आणि गुणावे. मुले तो त्वरित उचलतात व फळ्यावर उदाहरणे सोडवूनही दाखवितात. परंतु त्याच मुलांना, "६ ला ३/४ ने भागले असता ८ आले, भागल्यावर संख्या वाढली कशी?" असे विचारले की वर्ग स्तब्ध होतो. या स्तब्धतेकडे आपण दुर्लक्ष करू नये. नियम पाठ आहे, त्याचे कारण मात्र गवसलेले नाही, हेच ती सांगत असते. अशा मुलापुढे शाब्दिक उदाहरण आले, म्हणजे गुणावे की भागावे हे त्यास ठरविता येत नाही.

हा नियम आपल्या देशात जुना आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' ग्रंथात तो दिलेला आहे. नियम जुना असला तरी प्रत्येक मुलाला तो नव्यानेच उमगावा लागतो.

आरंभ भागाकाराच्या अर्थापासून करावा. १२ ÷ ३ म्हणजे १२ मध्ये ३ किती वेळा मावतात, हे मुलांना ठाऊक असते. रद्दी कागदाची एक मीटर लांब पट्टी घेऊन हाच प्रश्न विचारावा. हिच्यात अर्ध्या मीटरचे तुकडे किती? दोन. पाव मीटरचे? चार. तुकडा जितका लहान, तितकी तुकड्यांची संख्या मोठी. उत्तर का वाढते, हे मग मुलेच सांगतील.

त्यानंतर पाऊण मीटरचा तुकडा घ्यावा. तो कापल्यावर पाव मीटर पट्टी उरते. "तर एकूण तुकडे किती?" पुष्कळ मुले 'सव्वा' असे म्हणतील. हे उत्तर चूक ठरवून घाईने पुढे जाऊ नये, कारण पाठाचा गाभा येथेच आहे. उरलेला भाग मीटरच्या मानाने पाव आहे खरा. पण आपण मोजीत आहोत ते तुकडे. तो भाग कापलेल्या तुकड्यावर ठेवून पाहावयास सांगावे. तो त्यावर बरोबर तीन वेळा बसतो. म्हणजे तो तुकड्याचा तिसरा हिस्सा होय. म्हणून एका मीटरमध्ये एक पूर्ण तुकडा आणि एक तृतीयांश तुकडा, अर्थात ४/३ तुकडे झाले.

ही ४/३ म्हणजेच ३/४ ची व्यस्त संख्या. "एकात हा अपूर्णांक किती वेळा मावतो?" या प्रश्नाचे ती उत्तर आहे. एका मीटरमध्ये ४/३ तुकडे, तर ६ मीटरमध्ये ६ × ४/३, म्हणजे ८ तुकडे. नियम असा मुलांच्या हातूनच सिद्ध होतो.

दुसरे उदाहरण शेतातील घ्यावे. ६ किलो बियाणे शेताच्या पाऊण भागास पुरले, तर संपूर्ण शेतास किती लागेल? पाऊण म्हणजे तीन पाव. म्हणून ६ ला ३ ने भागून एका पावास २ किलो, आणि चार पावांस ८ किलो. येथे अंशाने भागले व छेदाने गुणले. अदलाबदल करण्याचे कारण याहून स्पष्ट दिसणार नाही.

व्यस्त संख्येविषयी तीन गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. संख्या व तिची व्यस्त यांचा गुणाकार १ येतो, हाच पडताळा. अडीचची व्यस्त काढताना प्रथम ५/२ करावे, मग २/५ मिळतात. शून्यास कोणत्याही संख्येने गुणले तरी १ येत नाही. म्हणून शून्यास व्यस्त संख्या नाही.

माझी विनंती एवढीच, की पहिल्या दोन तासिका नियम सांगू नये. पट्ट्या कापाव्यात, मोजाव्यात, मुलांस बोलू द्यावे. कारण उमगलेले मूल नियम विसरले, तरी तो पुन्हा शोधून काढील; केवळ पाठ केलेल्यास तो विसरल्यावर दुसरा आधार उरत नाही. गणितात कोणतीही गोष्ट हुकूम म्हणून मानावयाची नसते, ती पडताळून पाहता येते, हा विश्वास मुलांच्या मनात रुजविण्याची संधी हा लहानसा पाठ आपणांस देतो. ती आपण दवडू नये.