गुरुजींचा घसा, बाईंच्या पोटऱ्या
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मे महिन्यात प्राथमिक शिक्षक रस्त्यात भेटला की शेजारी हमखास म्हणतो, “तुमचं काय बुवा, सुट्ट्याच सुट्ट्या!” अशा माणसाने व्यायामाला वेळ मिळत नाही म्हटलं, तर लोक हसणारच. तेव्हा आधी हिशेब मांडू.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. इथवर शेजारी जिंकला. पण तीच अनुसूची शिक्षकाला तयारीसह आठवड्याचे ४५ तास लावते. शिवाय कलम २७ नुसार जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकीची कामंही त्याच्याकडे येतात.

द्विशिक्षकी शाळेतला दिवस बघा. परिपाठ, हजेरी, दोन-दोन वर्गांचे जोडवर्ग. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तोवर दुसरीला वजाबाकी. पोषण आहाराची चव घ्यायची, नोंद करायची. एवढ्यात फोनवर निरोप येतो : माहिती आजच ऑनलाइन भरा. संध्याकाळी अप-डाऊनची मोटारसायकल किंवा एसटी. घरी पोचल्यावर बाईंची दुसरी पाळी सुरू होते ती ओट्यापाशी, आणि ओटा आवरला की उद्याचं टाचण. ‘उद्यापासून पहाटे फिरायला’ हा संकल्प शाळा सुरू झाली की पहिल्याच पंधरवड्यात मोडतो. यात आळसाचा भाग थोडा. दिवसाच्या मांडणीचाच जास्त.

म्हणून शाळेबाहेरचा तास शोधण्याआधी शाळेच्या आतच काय बिघडतं ते पाहू.

पहिला घसा. बाईमाणसाच्या स्वरतंतूंची कंपनं बोलताना सेकंदाला साधारण २०० होतात, पुरुषांची त्याच्या निम्म्याच्या आसपास. दिवसभरात निव्वळ आवाज तासभर निघाला, तरी बाईंचे स्वरतंतू सात लाखांवर वेळा एकमेकांवर आपटले. पत्र्यावर पाऊस वाजत असताना वरच्या पट्टीत ओरडलं की हे आपटणं अधिक जोरात होतं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तंतूंवर गाठी येऊ शकतात. वारंवार खाकरणंही त्यांना त्रासदायकच. उपाय साधे आहेत : वर्ग शांत करायला आवाजाऐवजी टाळी किंवा घंटा, फळ्याकडे तोंड करून न बोलणं, मधूनमधून पाण्याचा घोट. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर हळद-दुधावर न थांबता कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जावं.

दुसऱ्या पोटऱ्या. “दिवसभर उभीच तर असते, आणखी व्यायाम कसला?” असं पुष्कळ बाई म्हणतात. पण उभं राहणं आणि चालणं यांत मोठा फरक आहे. पायांतलं रक्त वर चढतं ते पोटरीचे स्नायू आवळले जातात तेव्हा. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस एका जागी खिळून उभा राहिला की हा पंप थंडावतो, रक्त साचतं, आणि ज्यांच्या झडपा कमकुवत असतात त्यांच्या शिरा फुगतात. ओळींमधून फिरत शिकवावं, लिहिताना दहा-वीस वेळा टाचा उचलाव्यात, मधल्या सुट्टीत पाय जरा वर घेऊन बसावं.

तिसरी गोष्ट चारचौघांत कोणी काढत नाही. कित्येक शिक्षिका शाळेत पाणीच पीत नाहीत, कारण जायला नीट जागा नसते. मग लघवीची जळजळ, संसर्ग. कायद्याच्या अनुसूचीत मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं लिहिली आहेत; शिक्षकांच्या स्वच्छतागृहाचा तिथे उल्लेखही नाही! घशासाठी पाणी प्या म्हणायचं आणि ही जागा द्यायची नाही, तर तो सल्ला बाईंनी पाळायचा कसा?

आता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सांगते. पूर्वी ही हालचाल सलग किमान दहा मिनिटांची असावी अशी अट होती. २०२० मध्ये ती गेली. शिक्षकासाठी ही मोठीच सवलत, कारण त्याचा दिवस तुकड्यांचाच असतो. थांब्यापासून शाळेपर्यंतची झपझप चाल मोजावी, मुलांबरोबरची पकडापकडीही मोजावी.

आणि शनिवारची कवायत? बहुतेक ठिकाणी गुरुजी शिट्टी घेऊन उभे, घाम मुलांना. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, पण त्याआधी ते स्वतः रोज घालत. शिट्टी पाळीपाळीने मुलांकडे द्यावी आणि गुरुजींनी रांगेत उभं राहावं, यासाठी ना निधी लागतो ना परिपत्रक.

मात्र स्वच्छतागृह शिक्षकाच्या निर्धाराने उभं राहत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, समितीत निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आज इथे बसलेल्यांपैकी जे अशा समितीत आहेत, त्यांनी जूनच्या बैठकीत एक विषय मांडावा : शिक्षकांसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं एक स्वच्छतागृह. विषय मांडताना बाईंना बोलायला लावू नये; त्या संकोचतील. पालकांनीच बोलावं आणि ठराव त्याच दिवशी इतिवृत्तात लिहून घ्यावा.