लेझरला डोळे देताना

गेल्या महिन्यात मंडळातल्या एका काकूंनी माझ्या हाती सासूबाईंचा सागवानी पाट दिला. "ह्यावर नातवाचं नाव कोरून दे. पाट एकच आहे हं!"

लायब्ररीतल्या लेझर मशीनच्या झाकणात कॅमेरा आहे, पण त्याला आधी शिकवावं लागतं. रुंद भिंगामुळे कडेच्या सरळ रेषा वाकड्या दिसतात. म्हणून ठिपक्यांचा छापील कागद जागा बदलून ठेवत फोटो काढायचे. त्यावरून सॉफ्टवेअर भिंगाचा बाक ओळखतं. छापील नमुन्यावरून कॅमेरा जुळवायची अशी सोपी पद्धत झेंगयू झांग यांनी २००० साली प्रसिद्ध केली. मग लेझरने पुठ्ठ्यावर चार खुणा जाळायच्या आणि फोटोत त्या कुठे आहेत ते दाखवायचं.

खरी गोम जाडीत आहे. समजा, कॅमेरा पुठ्ठ्यापासून ६० सेंटिमीटर उंच आणि पाट ३ सेंटिमीटर जाड. मग कॅमेऱ्याखालच्या बिंदूपासून २० सेंटिमीटरवरची कड जवळजवळ १ सेंटिमीटर बाहेर सरकलेली दिसते! नाव पाटाबाहेरच जायचं. उपाय साधा: मशीनचा तळ तेवढाच खाली घ्या, म्हणजे पाटाचा वरचा भाग पुठ्ठ्याच्याच उंचीवर येतो. शेवटी लाल ठिपका नावाभोवती फिरवून बघा.

पुठ्ठा दुसरा मिळतो, मंडळी. सासूबाईंचा पाट मिळत नाही.