उन्हाळ्यातला गळ: उजनीच्या काठावर मी काय चुकलो

आजचा भाग गळ टाकणाऱ्यांसाठी. नवीन असाल तर जास्तच तुमच्यासाठी, कारण यातली प्रत्येक चूक मी स्वतः करून बसलोय.

ठिकाण आहे उजनीचं बॅकवॉटर, भिगवणच्या बाजूचं. पुण्याहून साधारण १०० किलोमीटर. आठवडाभर लॅपटॉपसमोर बसलं की शनिवारी पहाटे माझी गाडी आपोआप तिकडे वळते.

मार्च-एप्रिलमध्ये इथलं पाणी भराभर उतरतं. काठाला उतार कमी, त्यामुळे पातळी थोडी खाली गेली तरी किनारा खूप मागे सरकतो. फारच उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर दिसायला लागतं. म्हणजे जानेवारीत जिथे मासे लागले होते, तिथे आता कोरडी जमीन असू शकते. मॅपवर सेव्ह केलेली पिन विसरा. आणि गाळावर पाय जपून टाका. वरून भेगाळलेला, सुकलेला दिसतो, पण खाली चिखल असतो. एकट्याने तर जाऊच नका.

मग मासा शोधायचा कुठे? उन्हाळ्यात सगळा खेळ ऑक्सिजनचा. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साधारण साडेसात. त्यात शेवाळ आणि पाणवनस्पती रात्रभर तो वापरत राहतात. त्यामुळे हिरव्या, उथळ पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या जरा आधी. मी मात्र पाच वाजता अंधारात गळ टाकून जांभया देत बसायचो! आता सात ते दहा बसतो आणि मग थेट संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.

दुसरं म्हणजे वारा बघा. वारा ज्या काठाकडे वाहतोय, लाटा जिथे आपटतायत, तिथे पाणी ढवळलं जातं आणि माशांचं खाणंही वाहत येतं. आपण वाऱ्याकडे पाठ करून बसतो, कारण फेकायला सोपं जातं. जरा त्रास घ्या, समोरच्या काठाला जा.

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. आमिष तेच ठेवा, कणीक आणि शेंगदाण्याची पेंड. फक्त फ्लोट आणि गळ यांतलं अंतर बदलून बघा. अर्धा तास काहीच हललं नाही तर आधी खोली बदला, मग जागा.

आता मरळ. तिला हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून जिथे बाकीचे मासे टिकत नाहीत तिथे, गवताळ उथळ पाण्यात, ती आरामात असते. गेल्या वर्षी मे महिन्यात गवताच्या कडेला पाण्यावर केशरी ठिपके वळवळताना दिसले. पाऊस भुरभुरावा तसं पाणी हलत होतं. मी रबरी बेडूक नेमका तिथे टाकला. पहिल्याच फेकीला धाडकन झटका! काठी वाकली, तंगूस करकरलं. मोठी मरळ होती, मी खूश. फोटोसाठी मोबाईल काढला, तेवढ्यात शेजारून होडी लावणारे मामा म्हणाले, "दादा, ती भुकेनं न्हाय आली. रागानं आली. पोरं हायत तिची खाली."

ते केशरी ठिपके म्हणजे तिची पिल्लं. मरळीची जोडी पिल्लांना राखत फिरते, आणि जवळ काही आलं की तुटून पडते. म्हणून तर ती इतक्या सहज लागली. मी पाण्याकडे बघितलं. ठिपक्यांचा पुंजका फुटला होता आणि दोन-तीन ठिकाणी खालून काहीतरी उसळत होतं. बाकीच्या माशांनी संधी साधली होती. मरळ मी लगेच सोडली. ती गेली त्या दिशेने, पण तोवर किती पिल्लं उरली असतील, देव जाणे.

मामांचं पोट त्याच पाण्यावर आहे. माझा तो छंद. ते मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते जाळं आवरत राहिले.

तर आता माझे नियम. केशरी पुंजका दिसला की गळ गुंडाळायचा, २०-३० पावलं पुढे जायचं. घरी न्यायचंच असेल तर चिलापी. ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली आणि आता उजनीत सगळीकडे पसरलेली. छोटा गळ आणि गांडूळ, एवढं पुरतं. पाणी उतरलं की काठच्या गाळात बशीसारखे गोल खड्डे दिसतात, ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी. त्यांच्याच पुढच्या पाण्यात टाका.

आणि हो, धरणातली मासेमारी बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. आधी काठावरच्या माणसांना विचारा, मगच बसा. तुटलेलं तंगूस खिशात घालून परत आणा, पक्ष्यांच्या पायात अडकतं.

चला, भेटू पुढच्या भागात. टोपी आणि पाणी विसरू नका!