पायवाटांचा वारसा
(आगरदांडा येथे ज्ञातिबांधवांपुढे केलेले भाषण)



सुटीत पायी हिंडणे हा इंग्लंडमधील सामान्य कुटुंबांचा आवडता विरंगुळा आहे. पाठीवर शिदोरी घेऊन माणसे कुरणांतून, टेकड्यांवरून, परक्याच्या शेतातूनही नोंदलेल्या वाटेने निर्धास्त चालत जातात. ही मुभा त्यांना आयती लाभलेली नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशायरमधील किंडर स्काउट या जमीनदारांनी अडविलेल्या डोंगरावर शेकडो कामकरी तरुण मनाई झुगारून चढले. त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास घडला. पुढे १९४९ च्या कायद्याने पायवाटा नकाशावर नोंदविण्याचे काम स्थानिक कौन्सिलांवर सोपविले, आणि १९६५ साली २६८ मैलांची ‘पेनाइन वे’ ही पायवाट खुली झाली.

सृष्टिसौंदर्यात आपला आगरदांडा उणा नाही. पुढ्यात राजपुरीची खाडी, पैलतीरी दिघी, खाडीच्या मुखाशी जंजिरा, जवळच खोकरीचे घुमट आणि उत्तरेस १९८६ साली अभयारण्य ठरलेले फणसाडचे रान! आपले आजे-पणजे हा मुलूख पायी तुडवीत. आता दारापर्यंत मोटार येते, फेरीबोटीतून खाडीही ओलांडते. ही सोय इष्टच आहे. परंतु चालणारा उरला नाही म्हणजे वाटही उरत नाही. आधी घाणेरी माजते, मग जमीन विकली जाते आणि शेवटी कुंपण पडते.

गावच्या नकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखविलेला असतो. शेताकडे किंवा कुरणाकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गणपती आटोपून मुंबईस गेलेला आपला बांधव शिमग्याला परततो, तेव्हा ही मुदत संपत आलेली असते, याचा विचार व्हावा.

म्हणून माझी विनंती एवढीच, की गावी आल्यावर प्रत्येक कुटुंबाने एक सकाळ मुलांसह पायी हिंडण्यास द्यावी. वडीलधाऱ्यांनी वाटेवरील पाणवठ्यांची, खिंडींची, देवस्थानांची नावे सांगावीत. मुलांनी ती वहीत उतरवावीत. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत आणून तीवर त्या वाटा पडताळाव्यात. गावी राहणाऱ्या बांधवांनी वाट अडल्याचे वृत्त मुंबईकरांस तत्काळ कळवावे. वाडवडिलांनी पायांनी रेखलेला हा वारसा केवळ पायांनीच राखता येतो, इतके सांगून मी आपली रजा घेतो.