दोर कुणी धरला होता?

दहावीच्या मुलांचे निबंध तपासायला मी संध्याकाळी बसतो. लाल पेन अर्थातच खिशाला. गेल्या उन्हाळ्यात एका मुलानं विहिरीतला गाळ काढण्याच्या दिवसावर लिहून आणलं. मी २३ ठिकाणी खुणा केल्या, खाली ‘शुद्धलेखन सुधारा’ असा शेरा मारला आणि वही परत दिली. पुढच्या आठवड्यात त्यानं ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणला. गाईडमधला. एकही चूक नाही आणि त्याचा स्वतःचा एक शब्दही नाही.

मला माझ्याच शेऱ्याची लाज वाटली. विहिरीचा निबंध पुन्हा काढायला लावला. म्हटलं, “मोठ्यानं वाच. मी पेन खाली ठेवतो.” वडील खाली उतरले, गाळाची घमेली वर येऊ लागली, इथवर तो आल्यावर मी विचारलं, “वर दोर कुणी धरला होता?”

तो थांबला. “आईनं. तिचे हात सोलून निघाले होते, सर. ते लिहायचं असतं का?”

पहिल्यांदा वाचताना हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी ऱ्हस्व-दीर्घ मोजत होतो.

आता परीक्षेत चुकांचे गुण जातात, तेव्हा शुद्धलेखन सोडून कसं चालेल? पण खुणा नीट पाहिल्या तर २३ पैकी १४ एकाच जातीच्या निघाल्या: विहीरीत, वडीलांनी, जमीनीत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठरा; १४ १९६२चे, चार १९७२ साली वाढवलेले. एका संध्याकाळी ते कोण पचवणार? (मास्तरांनाही कोश उघडावा लागतो, हे मुलांना सांगायला हरकत नसावी.) मी एकच सांगितला. विहीर, वडील, जमीन यांतलं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ. प्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होतं. विहिरीत, वडिलांनी, जमिनीत. ‘शरीर’सारख्या तत्सम शब्दांना हे लागू नाही, पण ते मुद्दामच राखून ठेवलं. पेन त्याच्या हातात दिलं. “आता तू शोध.”

नव्यानं लिहिताना १४ पैकी १२ त्यानं दुरुस्त केल्या. शिवाय माझ्या नजरेतून सुटलेलं एक ‘बहीणीला’ही पकडलं आणि माझ्याकडे पाहून हसला.

या दुसऱ्या खर्ड्यात आईचे हात चार ओळी होते. ‘आणि’मधला ‘णि’ मात्र सगळीकडे दीर्घच. तो मी पाहिला आणि पुढच्या आठवड्यासाठी ठेवला.